तारुदान्तला न पोचलेला मित्र

मित्राचं प्रवासवर्णन वाचणं ही फार अवघड गोष्ट असते. मित्राची कथा फसली असेल तर कथा फसली असं सांगता येतं. प्रवासवर्णन फसलं असं म्हटलं, की ऐकणाऱ्याला वाटतं आपला प्रवासच फसला म्हणतोय. किंवा त्याहून वाईट म्हणजे, प्रवास करणारा माणूसच फसला म्हणतोय.

हे मी आज रेडिओवर सांगतोय, कारण गेल्या वर्षी माझ्यावर तीच वेळ आली होती. कॉलेजात माझ्याच बाकावर बसणारा एक मित्र निवृत्तीनंतर नर्मदा परिक्रमेला गेला. पायी. परत आल्यावर त्यानं तीनशे पानं लिहिली आणि माझ्याकडे आणून दिली. मी कादंबऱ्या लिहितो, म्हणजे मला वाचता येत असणार, असा त्याचा समज. "स्पष्ट सांग बरं का," असंही म्हणाला. असं म्हणणाऱ्या लेखकाला स्पष्ट काहीही नको असतं, हे मी स्वतःवरून जाणतो.

पहिली दीडशे पानं मी एका बैठकीत वाचली. मग पुस्तक एकदम सपाट झालं. देवळं होती, घाट होते, महात्म्य होतं, सगळं होतं. पण काहीतरी निघून गेलं होतं. काय निघून गेलं हे मला समजलं होतं आणि म्हणूनच ते सांगायचा धीर होत नव्हता. हस्तलिखित दोन महिने टेबलावर पडून राहिलं. त्याच काळात मी जोसेफ कॉनरॅडनं आपल्या एका मित्राला लिहिलेली पत्रं वाचत होतो. तर आज त्या दोघांविषयी.

कॉनरॅड आपल्याला माहीत आहे. पोलिश घरात १८५७ साली जन्मलेला, वीसेक वर्षं जहाजांवर काढलेला आणि मग इंग्रजीत कादंबऱ्या लिहू लागलेला माणूस. त्याचा मित्र मात्र आपल्याकडे फारसा माहीत नाही. रॉबर्ट बाँटाइन कनिंगहॅम ग्रॅहम, जन्म १८५२. स्कॉटलंडमधला जमीनदार, आजी स्पॅनिश. विशीच्या आत दक्षिण अमेरिकेत गेला, गुराख्यांमध्ये राहिला, घोड्यांचा व्यापार केला. पुढे १८८६ ते १८९२ ब्रिटिश पार्लमेंटमध्ये होता. निवडून आला लिबरल पक्षाकडून, पण बोलायचा समाजवाद्यासारखा. १३ नोव्हेंबर १८८७ रोजी लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात बंदी मोडून सभा झाली, तिथं पोलिसांचा मार खाऊन सहा आठवडे तुरुंगात गेला. स्वतः जमीनदार आणि केअर हार्डीबरोबर मजुरांचा पक्ष काढणारा. ग्लासगोत ट्राम ओढणारा एक घोडा अर्जेंटिनाच्या गवताळ रानातला आहे हे त्यानं रस्त्यात ओळखलं, जागच्या जागी विकत घेतला आणि पुढे कित्येक वर्षं त्याच घोड्यावर फिरला. असा हा गडी.

या दोघांची ओळख झाली ती वाचनातूनच. काँगोतल्या दोन गोऱ्या व्यापाऱ्यांची दैना सांगणारी कॉनरॅडची एक कथा १८९७च्या उन्हाळ्यात मासिकात आली. ती वाचून ग्रॅहमनं अनोळखी लेखकाला पत्र टाकलं. तेव्हापासून कॉनरॅड वारेपर्यंत, म्हणजे १९२४पर्यंत, ही दोस्ती टिकली. स्वभाव मात्र दोन टोकांचे. ग्रॅहमला जग बदलायचं होतं. कॉनरॅडला ते बदलेल असं वाटत नव्हतं. १८९७च्या डिसेंबरात त्यानं मित्राला लिहिलं की हे विश्व म्हणजे आपोआप तयार झालेलं एक विणण्याचं यंत्र आहे. ते आपल्याला विणून टाकतं, आणि आपण रागावलो काय, रडलो काय, त्याला पत्ता नसतो. समाजवादी मित्राला असं पत्र पाठवायला मैत्री चांगली मुरलेली असावी लागते. यांची तर जेमतेम चार-पाच महिन्यांची होती.

हे पत्र लिहिलं गेलं त्याच्या थोडं आधी ग्रॅहम मोरोक्कोत जाऊन आला होता. त्याला गाठायचं होतं तारुदान्त. अ‍ॅटलास पर्वताच्या दक्षिणेला सूस नावाचा मुलूख आहे, त्यातलं हे तटबंदीचं शहर. युरोपीय माणसाला तिथं जायला बंदी होती, आणि ती उगाच नव्हती. तेव्हा सुलतान होता पोरसवदा अब्दुल अझीज. कारभार पाहणारा होता वजीर बा अहमद. युरोपातली राष्ट्रं मोरोक्कोचे लचके कसे तोडायचे याचे हिशेब मांडत होती. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या काही धंदेवाल्यांनी सुलतानाला वगळून सूसच्या किनाऱ्यावर परस्पर व्यापार करायचा घाट घातला. 'टूरमलीन' नावाचं त्यांचं जहाज बंदुका घेऊन तिथं गेलं. अशा दिवसांत एखादा गोरा वेष पालटून सूसकडे निघाला तर त्याच्याकडे कुठल्या नजरेनं पाहतील, तुम्हीच सांगा.

ग्रॅहम नेमका वेष पालटूनच निघाला. किनाऱ्यावरच्या मोगादोरहून, म्हणजे आजच्या एस्साविराहून. तुर्की हकीम बनला, नाव घेतलं शेख मोहम्मद अल फासी. बरोबर एक सीरियन ख्रिस्ती दुभाषा आणि दोन-तीन स्थानिक माणसं. पर्वताच्या ऐन पोटात, नफीस नदीच्या खोऱ्यात, किंताफीच्या काईदनं त्याला अडवलं. काईद म्हणजे त्या भागाचा सत्ताधीश. नावाला सुलतानाचा अंमलदार, प्रत्यक्षात आपल्या खोऱ्याचा राजा. सोंग उघडं पडलं. त्यानं ग्रॅहमला मारलं नाही, साखळदंड घातले नाहीत. फक्त पुढे जाऊ दिलं नाही आणि मागेही जाऊ दिलं नाही. बारा-एक दिवस ग्रॅहम त्या किल्ल्याच्या सावलीत बसून राहिला. मग परवानगी मिळाली ती मराकेशकडे परतण्याची. तारुदान्त त्याला दिसलंच नाही.

आता या प्रवासावर पुस्तक लिहायचं म्हणजे काय लिहायचं? पोचलाच नाही तर सांगणार काय? दुसरा कुणी असता तर त्यानं कैदेतल्या दिवसांचा थरार रंगवला असता, आपल्या धैर्याची आरती ओवाळली असती, नाहीतर काईदला राक्षस करून टाकलं असतं. ग्रॅहमनं यातलं काही केलं नाही. पुस्तकाचं नाव 'मोगरेब-एल-अक्सा', म्हणजे अगदी पश्चिमेकडचा देश. अरबीत मोरोक्कोला असंच म्हणतात. प्रस्तावनेतच त्यानं सांगून टाकलं की साम्राज्यं, आपल्या वंशाची थोरवी, धर्मप्रसार, व्यापारवाढ यांबद्दलचा कसलाही सिद्धांत आपल्याजवळ नाही. पुस्तकाचा मोठा भाग आहे तो अडकून पडण्याचा. तंबूपुढून कोण गेलं, घोडे कसे होते, लोक काय बोलत होते, वेळ कसा जात नव्हता. काईदचा संशय त्याला अन्यायाचा वाटत नाही. युरोपनं या लोकांना काय आणून दिलं, असा त्याचाच उलटा प्रश्न आहे. आणि आपण हरलो हे तो इतक्या सहज सांगतो की वाचणाऱ्याला त्याची कीव करायची संधीच मिळत नाही. आजच्या वाचकाला त्यातली काही विधानं खटकतील. एखाद्या जमातीला एका वाक्यात गुंडाळण्याची त्या काळची खोड त्यालाही होती. पण स्वतःलाही तो त्याच तराजूत तोलतो, हे कबूल करायला हवं.

हे पुस्तक १८९८च्या डिसेंबरच्या सुरुवातीला कॉनरॅडच्या हातात पडलं. तेव्हा कॉनरॅडची अवस्था काय होती? 'द रेस्क्यू' ही कादंबरी महिनोन्‌महिने अडली होती. जानेवारीत मुलगा झालेला, पैशांची ओढाताण. इतका वैतागला होता की लिहिणं सोडून पुन्हा जहाजावर जायचं त्याच्या मनात घोळत होतं. त्यासाठी सप्टेंबरात ग्लासगोला जाऊनही आला, आणि तिथल्या जहाजमालकांकडे शब्द टाकणारा होता हाच ग्रॅहम. काम काही मिळालं नाही. म्हणजे, जाऊ बघत होता पण जाता येत नव्हतं अशा माणसाच्या हाती, गेला पण पोचला नाही अशा माणसाचं पुस्तक आलं.

कॉनरॅडनं लगोलग पत्र लिहिलं, १ डिसेंबरला. हे शतकातलं प्रवासवर्णन आहे, बर्टनच्या मक्केच्या पुस्तकानंतर याच्या जवळपास येणारं काही झालेलं नाही, असा त्याचा अभिप्राय. पुढे ग्रॅहमच्या आईलाही त्यानं या पुस्तकाबद्दल कौतुकानं लिहिलं. मित्राच्या आईला असं पत्र लिहिणं मला फार आवडलं. आपण मित्राला "छान झालंय" म्हणतो आणि विषय संपवतो. त्याच्या आईला कोण लिहितो?

बर्टनचं नाव इथं गमतीनं आलेलं नाही. हा बर्टन आपल्या ओळखीचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी, आजारपणाच्या रजेवर गोव्याकडून निलगिरीला गेला आणि त्यावर त्यानं १८५१ साली पुस्तकही छापलं. १८५३ साली तो मुसलमान यात्रेकरूच्या वेषात मक्केला गेला. तोही हकीम झाला होता. पण बर्टनचं सोंग टिकलं, तो मक्केत शिरला, परत आला आणि जगभर गाजला. ग्रॅहमचं सोंग गळून पडलं. कॉनरॅडनं यशस्वी सोंगाच्या शेजारी फसलेलं सोंग बसवलं आणि दोन्ही पुस्तकं एका पंक्तीची ठरवली. तारुदान्त राहिलं म्हणून त्यानं मित्राचा एक गुणही कापला नाही. मला वाटतं, त्यानं पुस्तकाची परीक्षा केली ती कुठवर पोचलं यावर नव्हे, तर जिथं थांबावं लागलं तिथं लेखक किती खरा राहिला यावर.

त्यानंतर काय झालं, ते तारखांनीच पाहू. पत्र १ डिसेंबरचं. त्याच महिन्याच्या मध्यावर कॉनरॅडनं अडलेली कादंबरी बाजूला ठेवली आणि नवी गोष्ट लिहायला घेतली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती पूर्ण झाली. 'हार्ट ऑफ डार्कनेस'. आठ वर्षांपूर्वी, १८९० साली, तो स्वतः एका बेल्जियन कंपनीच्या नोकरीत काँगो नदीवर गेला होता आणि आजारी होऊन परतला होता. त्या अनुभवातून एक कथा झाली होती, तीच ती ग्रॅहमनं वाचलेली. पण नदीवरचा तो अख्खा प्रवास त्यानं लिहिला नव्हता. तो आता लिहिला, आणि दोनेक महिन्यांत.

आता हे मित्राच्या पुस्तकामुळे झालं का? असं मी म्हणणार नाही. मासिकाला मजकूर हवा होता, पैसे हवे होते, मार्लो हा निवेदक त्याच वर्षीच्या 'यूथ' या कथेत सापडला होता. तरी दोन पुस्तकं शेजारी ठेवली की एक गोष्ट दिसल्यावाचून राहत नाही. ग्रॅहमचा प्रवासी ठरलेल्या जागी पोचत नाही आणि हसत परततो. कॉनरॅडचा प्रवासी ठरलेल्या जागी पोचतो, आणि तिथं जे बघतो त्यानं हादरून जातो. परत आल्यावर कुर्ट्‌झच्या वाग्दत्त वधूला खोटं सांगतो. मित्राच्या पुस्तकाला यापेक्षा चांगलं उत्तर कोणतं असेल?

'हार्ट ऑफ डार्कनेस'चा पहिला भाग 'ब्लॅकवुड्‌स' मासिकाच्या हजाराव्या अंकात आला, फेब्रुवारी १८९९मध्ये. आता वाचायची पाळी ग्रॅहमची. त्याला तो भाग फार आवडला. साम्राज्याच्या नावाखालच्या लुटीवर तो स्वतः आयुष्यभर कोरडे ओढत होता. कॉनरॅडनं आनंद झाल्याचं कळवलं आणि लगेच सावधही केलं: अजून दोन भाग यायचे आहेत, त्यांत मूळ कल्पना इतर गोष्टींत इतकी गुंडाळली गेली आहे की ती तुझ्याही, अगदी तुझ्याही, हातून निसटेल. म्हणजे, माझं पुस्तक तुझ्या मतांचा पुरावा म्हणून वाचू नकोस. त्याच पत्रात त्यानं शांतता सभेच्या व्यासपीठावर बसायचं मित्राचं आमंत्रण नाकारलं. माणसांच्या बंधुत्वावर आपला विश्वास नाही असं तोंडावर सांगून. पुस्तकाचं कौतुक आणि मताला नकार, एकाच पाकिटात. चिनुआ अचेबे यांनी १९७५ साली या कादंबरीवर घेतलेला आक्षेप, की यात आफ्रिकेचा माणूस नुसता पडदा होऊन राहतो, तो खोडून काढता येत नाही. पण ज्या मित्रानं कॉनरॅडला साम्राज्यविरोधाच्या मिरवणुकीत ओढायचा यत्न केला, त्यालाही तो पुरता लाभला नाही, हेही खरं.

एक अडचण सांगून ठेवतो. कॉनरॅडची ही पत्रं ग्रॅहमनं जपली म्हणून ती उरली. १९६९ साली त्यांचं संपादित पुस्तकही निघालं. ग्रॅहमनं कॉनरॅडला लिहिलेली मात्र फारशी उरली नाहीत. त्यामुळे आपण शेजारच्या घरातलं फोनवरचं बोलणं ऐकतोय असं वाटतं. एकाचाच आवाज, दुसरा काय म्हणाला ते याच्या 'हो'-'नाही'वरून ओळखायचं.

पुढे हे वाचणं दोन्ही बाजूंनी चालूच राहिलं. १९०३ साली ग्रॅहमनं हेर्नान्दो दे सोतो या स्पॅनिश सरदारावर पुस्तक लिहिलं. तेव्हा कॉनरॅड 'नोस्ट्रोमो' लिहिताना टेकीला आला होता. कादंबरी दक्षिण अमेरिकेतली, आणि याची तिकडची ओळख म्हणजे तरुणपणी किनाऱ्यावर काढलेले थोडे दिवस. उरलेली उणीव मित्राच्या आठवणींनी आणि पुस्तकांनी भरली. दे सोतोवरचं पुस्तक वाचून त्यानं २६ डिसेंबर १९०३ रोजी जे पत्र लिहिलं, त्यात पुस्तकाची स्तुती करता करता तो एकदम काँगोवर येतो: ते जुने स्पॅनिश लुटारू निदान माणसासारखे तरी होते, आजचा पिझारो म्हणजे बेल्जियमचा राजा लिओपोल्ड. आणि याच पत्रातून तो रॉजर केसमेंटची ओळख करून देतो, ज्याला तो १८९० साली काँगोत भेटला होता आणि जो काँगोतल्या अत्याचारांचा अहवाल घेऊन नुकताच परतला होता. तो अहवाल १९०४ साली प्रसिद्ध झाला, गदारोळ उठला, आणि १९०८ साली लिओपोल्डला काँगोवरची खासगी मालकी सोडावी लागली. पुस्तकाची पोच देणाऱ्या पत्रातून एक माणूस दुसऱ्याकडे पाठवला जातो. आपल्याकडे पोच म्हणजे "पुस्तक मिळालं, सवडीनं वाचून कळवतो." आणि ती सवड कधी मिळत नाही.

एका गोष्टीत मात्र मला कॉनरॅड पटत नाही. अखेरच्या वर्षांत त्यानं रिचर्ड कर्ल या तरुण मित्राच्या पूर्वेकडच्या प्रवासाच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. तिचा सूर असा, की आता पृथ्वी सगळी पाहून झाली, जिकडेतिकडे पर्यटक, खऱ्या प्रवासवर्णनाचे दिवस सरले. अहो, मग मोगरेबचं काय? त्यात नवा प्रदेश कुठं होता? पुस्तक झालं ते एका किल्ल्यासमोर नुसतं बसून. ती जागा, तलात-न-याकूब, आज सगळ्यांना नकाशात दिसते. मराकेश ते तारुदान्त रस्ता तिथूनच जातो. फ्रेंचांनी १९१२ साली मोरोक्को ताब्यात घेतल्यावर तो बांधला. आणि ८ सप्टेंबर २०२३च्या रात्री झालेल्या भूकंपात याच खोऱ्यातली गावं जमीनदोस्त झाली, जवळचीच तिन्मेलची बाराव्या शतकातली मशीद कोसळली. बातम्यांत ते नाव ऐकलं तेव्हा मी चमकलो. जगाला ते गाव भूकंपामुळे कळलं. मला एका अडकून पडलेल्या माणसामुळे आधीपासून ठाऊक होतं.

कॉनरॅड गेल्यावर ग्रॅहम त्याच्या अंत्यविधीला हजर होता आणि त्यावर त्यानं एक हळवा लेख लिहिला. तो स्वतः १९३६ साली वारला, ब्युनोस आयर्समध्ये, म्हातारपणी पुन्हा आपल्या आवडत्या मुलखात गेलेला असताना. शवयात्रेत दोन घोडे होते.

तर माझा परिक्रमावाला मित्र. शेवटी मी त्याला घरी बोलावलं आणि विचारलं, "अरे, दीडशेव्या पानापर्यंत तुझे पाय दुखतात, चपलेचा अंगठा तुटतो, पायाला फोड येतात. तिथून पुढे तुझे पाय कुठं गेले?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "राजपिपळ्याला सोडले." पाय इतके सुजले की उभं राहता येईना. तिथून तो घरी आला. उरलेली परिक्रमा पुढच्या वर्षी मेहुण्याच्या गाडीतून केली आणि लिहिताना चालत केल्यासारखी लिहिली. "परिक्रमा अर्धी सोडली असं कुणी छापतं का?" त्यानं विचारलं. मी त्याला ग्रॅहमची गोष्ट सांगितली. त्यानं ऐकून घेतली, चहा प्याला, हस्तलिखित पिशवीत घातलं आणि गेला. चार महिने फोन नाही. मला वाटलं, गेली दोस्ती.

परवा आला. दीडशेव्या पानापुढचं सगळं काढून टाकलं होतं. त्या जागी नवी अकरा पानं. "एवढंच आहे," म्हणाला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. मी चष्मा पुसून वाचायला घेतलं. त्यात राजपिपळ्याचा बसस्टँड होता, हळद लावून फडक्यात गुंडाळलेली पावलं होती, एका बाईनं न मागता पुढे केलेला चहा होता, आणि बस सुटल्यावर खिडकीची जागा सोडून आतल्या बाजूला सरकून बसलेला माझा मित्र होता.